मग कुणी केली?

मागच्या वर्षी मे महिन्यात आई पहिल्यांदा लंडनला आली. बाबांनी "मला काय एवढा वेळ विमानात बसवायचं नाही" म्हणून अंग काढून घेतलं, मग ती एकटीच आली, बॅगेत काळा मसाला, कुरडया आणि चक्क एक पोळपाट घेऊन (इथे पोळपाट मिळतो हे मी तिला दहादा सांगितलं होतं). एका रविवारी तिला म्युझियम दाखवायला नेलं. तीन वाजेपर्यंत तिचे पाय बोलायला लागले, जुने पुतळे आणि नाणी बघून ती कंटाळली, पण भांडी दिसली की मात्र थांबायची. आईला कुठेही न्या, ती भांडी बघते. तर एका काचेच्या कपाटात एक छोटंसं भांडं होतं, गडद निळ्या काचेचं, मुठीत मावेल एवढं, आणि त्यावर सोनेरी अक्षरं. "हे रे कशाचं?" म्हणाली. मी वाकून वाचलं. साखरेचं भांडं होतं, १८२० च्या दशकातलं, आणि वर लिहिलेलं ते मी तिला मराठीत सांगितलं, की ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी न बनवलेली. आईने भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि एकदम साध्या आवाजात, म्हणजे भाजीवाल्याला कोथिंबीर कशी दिली विचारावं तशा आवाजात, म्हणाली,

"मग कुणी केली?"

मी हसलो. म्हटलं अगं म्हणजे आपल्याकडची, भारतातली. ती म्हणाली, "तेच म्हणते मी. कुणी केली?" मग मी विषय बदलला आणि तिला खाली कॅफेत घेऊन गेलो, तिथे तिने चहाला नावं ठेवली, आणि ट्यूबमधून घरी येईपर्यंत आम्ही कुरडया कधी तळायच्या यावर बोललो. ती जूनमधे परत गेली. तिचा प्रश्न मात्र गेला नाही. आमच्या आईला इतिहासातलं काही कळतं अशातला भाग नाही, पण जन्म गेला तो साखर कारखान्याच्या कॉलनीत, त्यामुळे साखर आपोआप होत नाही एवढं तिला पक्कं माहितीये.

त्या भांड्याची गोष्ट मी नंतर शोधून वाचली. १७९१ मधे ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करायचं विधेयक फेटाळलं, तेव्हा चिडलेल्या लोकांनी वेस्ट इंडीजची साखरच खायची सोडली. मतदानाचा हक्क नसलेल्या बायकांनी सोडली हे त्यातलं मोठं. तीन लाख लोकांनी सोडली असा त्यावेळचा अंदाज होता. १८२० च्या दशकात परत लाट आली, लेस्टरसारख्या गावात बायका घरोघर फिरून साखर सोडा म्हणून सांगायच्या, आणि तेव्हा ही असली भांडी निघाली. काहींवर तर हिशोबच छापलेला असायचा, की सहा कुटुंबांनी वेस्ट इंडियाऐवजी ईस्ट इंडियाची साखर वापरली तर एक गुलाम कमी लागतो. मला हे वाचून आधी भारीच वाटलं. मग थोडं आपल्या चायना माळांच्या बहिष्कारासारखं पण वाटलं, कारण या प्रचारात पुढे असणाऱ्यांत लिव्हरपूलचा जेम्स क्रॉपर होता, आणि तो स्वतः ईस्ट इंडियाची साखर आयात करायचा. म्हणजे मनापासून गुलामगिरीविरोधी होता आणि दुकानही चालत होतं, दोन्ही. अशी माणसं मला खोटी वाटत नाहीत, ओळखीची वाटतात. पण खरी गंमत पुढे आहे. १८३३ ला ब्रिटिशांनी गुलामगिरी रद्द करायचा कायदा केला त्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूखच वगळला होता. भारतात गुलाम असणं कायद्याने अमान्य झालं ते १८४३ ला. म्हणजे ते सोनेरी अक्षरांचं भांडं लंडनच्या टेबलावर चमकत होतं तेव्हा इकडे माणूस मालकीचा असायला कायद्याची काहीच आडकाठी नव्हती. ती साखर बंगाल-बनारसकडची, आपल्या नगरची नाही, तिच्यामागे कोणाचे हात होते ते त्या भांड्यावर नाही. त्यावर फक्त कोणाचे नव्हते तेवढंच आहे.

आईने दोन शब्दात विचारलं ते मला समजायला तीन रविवार लागले.

आता माझं ऑफिस. कॅनरी वॉर्फ. आपल्या आयटीतल्या निम्म्या लोकांचं लंडन म्हणजे तेच, काचेचे टॉवर, लंचला पळणारी माणसं, आणि मधे मधे पाणी. हे पाणी शोभेचं नाहीये, गोदी आहे ती, वेस्ट इंडिया डॉक्स. रोज ट्रेनमधे ज्या स्टेशनाची घोषणा ऐकतो, वेस्ट इंडिया की (Quay, म्हणजे धक्का), त्याचा आणि साखरेचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. १८०२ ला ही गोदी सुरू झाली ती मुख्यतः साखरेसाठी, भोवती उंच भिंत आणि पहारा, कारण जहाजातून उतरणारी साखर वाटेत चोरीला जायची. (चोरलेल्या माणसांकडून करून घेतलेली साखर चोरीला जाऊ नये म्हणून भिंत. असो.) त्यावेळची विटांची गोदामं अजून उभी आहेत, खाली रेस्टॉरंटं आणि एका गोदामात डॉकलँड्सचं म्युझियम. त्या म्युझियमसमोर रॉबर्ट मिलिगनचा पुतळा होता, गोदी बांधण्यात पुढाकार घेणारा, जमेकात मळे आणि त्या मळ्यांवर पाचशेच्या वर गुलाम असलेला. जून २०२० मधे तो पुतळा काढला. त्याआधी किती वर्षं मी उन्हाळ्यात त्या पुतळ्याच्या पायाशी बसून डबा खाल्लाय. पोळी, बटाट्याची भाजी, आणि शनिवार-रविवार नंतरचा सोमवार असेल तर गुळाची पोळी. वर बघून नाव वाचावं असं एकदाही वाटलं नाही. गोदामाच्या भिंतीवर एक कोनशिला आहे, त्यावर १८०० साली पायाभरणी कुणी केली, कोण मोठमोठे हजर होते, आणि देवाच्या कृपेने या कामामुळे ब्रिटिश व्यापाराला स्थैर्य, वाढ आणि शोभा येईल असं लिहिलंय. वाचताना मला फसकन हसू आलं, कारण अशी कोनशिला मला पाठ आहे. आमच्या कारखान्याच्या गेटवर आहे. बॉयलर अग्निप्रदीपन, गव्हाणीत मोळी टाकून हंगामाचा शुभारंभ, शुभहस्ते अमुक, प्रमुख उपस्थिती तमुक. मोळी कुणी बांधली ते नसतं.

मी वाढलो त्या वासात. ज्यांना मळीचा वास माहितीये त्यांना सांगायला नको, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण गोड आणि सडकं आणि गरम असं एकत्र, दिवाळीनंतर जो नाकात बसतो तो थेट उन्हाळ्याला जातो. बाबा कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. आमच्या क्वार्टरच्या मागे कंपाउंड आणि कंपाउंडच्या पलीकडे तोडणीवाल्यांचा तळ, पाचटाच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपड्या, शंभर-सव्वाशे. पहाटे तीनला तिकडे उठाउठ व्हायची. झोपेत ऐकू यायचं, भाकरी थापल्याचा आवाज, बैलांची घुंगरं, कुठलं तरी पोर रडतंय, कुणी तरी खोकतंय. आपण गोधडी डोक्यावर ओढून घ्यायची. सकाळी शाळेत जाताना तळ रिकामा, नुसती राख आणि कुत्री आणि लहान पोरांना सांभाळणारी थोडी मोठी पोरं. गाड्या रात्री परत यायच्या, मागे उसाचे डोंगर, आणि वर उसावर बाई झोपलेली, पदराखाली बाळ.

चरकाचं सांगतो. जवळच्या वस्तीवर एक गुऱ्हाळ होतं, तिथे ऊस चरकात सारायला बसणारा एक म्हातारा, त्याला उजव्या हाताला दोनच बोटं होती. आम्ही पोरं त्याच्याकडे ताजा गूळ मागायला जायचो, तो त्या दोन बोटांनी गरम गुळाचा गोळा उचलून द्यायचा, चिमट्यासारखा. एकदा मी विचारलं बोटं कुठे गेली. "काकवीत," म्हणाला आणि हसला. पुढे महिनाभर मी काकवी खाल्ली नाही. तो म्हातारा मला तीस वर्षांनी आठवला तो बार्बाडोस-जमेकाच्या मळ्यांचं वाचताना. तिथे हंगामात चरक रात्रंदिवस चालायचे, सतरा-अठरा तास जागलेली माणसं ऊस सारायची, हात आत गेला तर चरक थांबेपर्यंत अख्खा माणूस ओढला जाणार, म्हणून चरकाशेजारी कुऱ्हाड ठेवलेली असायची. हात तोडायला. त्यापलीकडे उकळीघर, ओळीने तांब्याच्या कढया, मोठीतून लहानीत रस ओतत न्यायचा, आणि तो रस अंगावर उडाला तर गोंदासारखा चिकटून भाजायचा. ज्याने कधी गुऱ्हाळाच्या कढईजवळ तोंड नेलंय त्याला हे वाचताना गालावर वाफ लागते, मला लागली. आणि ही कढई घरची नाही, हा ऊस आपला नाही, आपणही आपले नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात गुलामगिरी म्हणजे अमेरिकेतला कापूस. पण अटलांटिकवरून जी साधारण सव्वा कोटी माणसं जहाजात भरली, त्यातली चार लाखसुद्धा आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली नाहीत. एकट्या ब्राझीलला जवळजवळ अठ्ठेचाळीस लाख गेली, बाकीची बरीचशी कॅरिबियन बेटांवर, आणि त्यातली बहुतेक उसाकडे. उसाच्या बेटांवर मरणं इतकी जास्त आणि जन्म इतके कमी की मळेवाल्यांना दरवर्षी नवीन माणसं मागवावी लागायची, बियाणं मागवावं तशी. आणि इकडे इंग्लंडात १७०० च्या सुमाराला माणशी वर्षाला चार पौंड साखर लागायची ती शंभर वर्षांत अठरा पौंडांवर गेली. चहात.

जहाजात चढली सव्वा कोटी, उतरली एक कोटी सात लाख. मधले अठरा लाख समुद्रात.

यातल्या एका जहाजाची गोष्ट मला सगळ्यात जास्त त्रास देते, आणि त्याचं कारण थोडं लाजिरवाणं आहे. मी काम करतो इन्शुरन्स क्लेमच्या सॉफ्टवेअरवर. १७८१ च्या नोव्हेंबरात झाँग नावाच्या जहाजावरून, लिव्हरपूलच्या मालकांचं जहाज, जमेकाकडे जाताना वाट चुकलं, प्यायचं पाणी पुरणार नाही म्हणून खलाशांनी १३० हून जास्त जिवंत माणसं, काही दिवसांत, टप्प्याटप्प्याने समुद्रात फेकली. जहाज किनाऱ्याला लागलं तेव्हा पाणी शिल्लक होतं. मग मालकांनी क्लेम लावला. माणशी ३० पौंड. कारण माणूस आजारपणाने मेला तर विमा नाही, पण बाकीचा माल वाचवायला काही माल फेकावा लागला तर आहे. खटला लंडनला चालला १७८३ ला, आणि तो खुनाचा नव्हता, क्लेम द्यायचा की नाही याचा होता. आधी ज्युरीने मालकांच्या बाजूने निकाल दिला. मग वरच्या न्यायाधीशाने फेरसुनावणी सांगितली, खुनाचा खटला कोणावरच झाला नाही. ओलाउदा इक्विआनो, जो स्वतः गुलाम होता आणि पैसे भरून सुटला होता, त्याने ही बातमी धावत जाऊन गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पला सांगितली म्हणून हे प्रकरण बाहेर तरी आलं. मी हे वाचलं रात्री, आणि सकाळी ऑफिसला जाऊन स्क्रीन उघडली तर समोर नेहमीचे कॉलम. मालाचा प्रकार. नग. प्रति नग किंमत. नुकसानीचं कारण, त्यात ड्रॉपडाउन. त्या दिवशी मी दोन तास काहीच काम केलं नाही, आणि मग केलं, कारण डिप्लॉयमेंट होती.

आणि मी या सगळ्यात पैसे पण भरलेत, हे अजून सांगायचंय. १८३३ च्या कायद्यात भरपाई ठरली, दोन कोटी पौंड, त्यावेळच्या सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या चाळीस टक्के. भरपाई मालकांना. सुटलेल्या आठ लाख माणसांना एक पेनी नाही, उलट वर आणखी चार वर्षं बहुतेकांना त्याच मालकाकडे फुकट राबायला लावलं, शिकाऊ उमेदवार असं नाव देऊन. (उमेदवार! जन्मभर ऊस तोडलेल्या माणसाला ऊस तोडायचं शिकवणार होते.) त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज पुढच्या कर्जात मिसळत मिसळत शेवटी फिटलं ते २०१५ मधे. मी इथे आलो २०१० ला. फेब्रुवारी २०१८ मधे इथल्या अर्थखात्याने मोठ्या कौतुकाने ट्वीट केलं की तुमच्यातल्या लाखोंनी कर भरून गुलामांचा व्यापार संपवायला मदत केलीये, लोकांनी झोडपल्यावर काढून टाकलं. आमच्या मराठी ग्रुपवर तेव्हा जोक फिरला, चला म्हणजे आपण पण मुक्तिदाते. मी पण हसण्याचा इमोजी टाकला होता. त्या मालकांत जॉन ग्लॅडस्टन होता, पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा बाप, त्याला अडीच हजार माणसांचे एक लाख पौंडांहून जास्त मिळाले. आणि हा गडी त्याच सुमाराला पुढची सोय बघत होता, कलकत्त्याला पत्र टाकून आपल्याकडची माणसं मागवत होता, ती १८३८ च्या मे महिन्यात दोन जहाजांनी डेमेरारात, म्हणजे आजच्या गयानात उतरली. गिरमिट, म्हणजे अ‍ॅग्रीमेंट. करारावर अंगठा, पाच वर्षं, ऊस. आपल्या कोकणातली माणसं मुंबईहून मॉरिशसला गेली ती याच वाटेने, तिथे अजून गणपती बसतो, मराठी आडनावं आहेत, आणि आपण कौतुकाने तिथले फोटो शेअर करतो. अंगठ्याचं मात्र कोणी काढत नाही.

अंगठ्यावरून बाबांचं रजिस्टर. यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला आणि मघापासून त्याच्या भोवती फिरतोय.

डॉकलँड्सच्या म्युझियममधे, त्या साखरेच्याच गोदामात, लंडनहून गुलाम आणायला सुटलेल्या जहाजांची यादी लावलीये. मी लंच टाइममधे एकटाच गेलो होतो. नावं वाचत गेलो. घरी येऊन मग इंटरनेटवरचा तो मोठा डेटाबेस उघडला, अशा ३६ हजारांवर सफरी त्यात नोंदवल्यात, जहाजाचं नाव, मालक, कप्तान, कुठून निघालं, किती भरले, किती उतरले. कप्तानाचं नाव आहे. पुढे आकडा आहे. कप्तान नाव असलेला आणि पुढे २९०, ३१४, असे. गुलामांची नावं ज्यात आहेत असा एक वेगळा भाग आहे, नव्वद हजारांवर नावं, पण ती कुणाची, तर १८०७ ला ब्रिटिशांनी गुलामांच्या व्यापारावर बंदी घातल्यानंतर जी जहाजं नौदलाने पकडली त्यातून सोडवलेल्यांची. कोर्टात नोंद करायची म्हणून कारकुनाने विचारलं तुझं नाव काय. सुटला तरच नाव. मी स्क्रीनकडे बघत बसलो आणि मला एकदम दिवाळीची सुट्टी आठवली. बाबा रजिस्टर घरी आणायचे, लाल कापडी पुठ्ठ्याचं, आणि माझी बेरीज चांगली म्हणून मला कॉलम जुळवायला बसवायचे, एका पानाला चार आणे. मुकादमाचं (म्हणजे तोडणीवाल्यांची टोळी आणणाऱ्याचं) नाव, गाव, तालुका, कोयते, उचल (म्हणजे आगाऊ दिलेले पैसे), सही किंवा अंगठा. कोयते १२. कोयते १८. कोयते ९. मला कितीतरी वर्षं वाटायचं कारखाना कोयते विकत घेतोय. मग कधीतरी कळलं की एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. नुसता नवरा म्हणजे अर्धा कोयता. पोरं धरत नाहीत.

बाबा वाईट माणूस नव्हते हे मी आत्ता लिहितोय आणि लिहिताना कळतंय की हे वाक्य कोणीच न विचारता लिहावं लागतंय. त्यांनी कुणावर हात उगारला नाही, मुकादमाने पळून चाललेल्या एका जोडप्याला कोंडून घातलं होतं तेव्हा रात्री जाऊन कुलूप काढायला लावलं. सकाळी मात्र ते जोडपं त्याच टोळीत परत फडावर गेलं, कारण उचल फिटली नव्हती, आणि ते बाबांनीच समजावून सांगितलं. तुलना करू नये असं मला माझाच एक आवाज सांगत असतो. ती माणसं विकली जायची, त्यांच्या पोटचं पोरही जन्मतःच मालकाचं, सात पिढ्या. आपल्याकडे कोपी मोडून उन्हाळ्यात माणूस गावाला तरी जातो, मत देतो, पुढच्या वर्षी दुसरा मुकादम धरतो. हे खरंय. हा फरक छोटा नाही, आणि ज्यांच्या पणजोबांना साखळीत आणलं त्यांच्यासमोर मी "आमच्याकडे पण असतं" म्हणून उभा राहणार नाही. पण मग १८७३ ला पुण्यात बसून एका माणसाने आपल्या पुस्तकाला नावच गुलामगिरी दिलं आणि ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, काळ्या गुलामांना सोडवलंत म्हणून, आणि माझे देशबांधव तुमचा कित्ता गिरवोत म्हणून. जोतीराव कधी अमेरिकेला गेले नव्हते. शाळेत आम्हाला हे एका मार्काला होतं, गुलामगिरी कोणी लिहिलं. अर्पणपत्रिका मी वाचली लंडनमधे, चाळिशीत. त्यांना तुलनेची भीती वाटली नाही, मला वाटते, आणि कशाची वाटते ते मला चांगलं माहितीये. वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ चा आहे. उचल घेऊन, ती फिटेपर्यंत, दुसरीकडे जाता येत नाही, याला तो कायदा काय म्हणतो ते एकदा वाचून बघा. बीडमधे २०१९ ला सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दुखण्याने दिवस बुडाला की खाडा, खाड्याचे पैसे कापणार, त्यापेक्षा पिशवीच नको. कुऱ्हाड शेजारी ठेवायचा प्रकार मला तिथे परत दिसतो, फक्त इथे ती बाई स्वतः रिक्षाने जाते दवाखान्यात.

एवढं सगळं वाचून मी सुधारलो असेन असं वाटत असेल तर ऐका. जानेवारीत गाडी धुवायला नेली. आमच्या इथे एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर हाताने गाडी धुऊन देतात, आठ पौंड, पाच जण एका गाडीला लागतात, दहा मिनिटांत चकाचक. थंडी अशी की पाणी जमिनीवर पडून पांढरं होत होतं. खिडकी पुसणाऱ्या पोराच्या हाताला हातमोजे नव्हते, बोटांच्या पेरांवर भेगा, भेगांत काळं. पायात कापडी बूट, ओले. मी काच खाली केली आणि सहज विचारलं, कुठला रे तू. त्याने उत्तर द्यायच्या आधी मागे केबिनकडे बघितलं. फक्त एवढंच. मग "गुड, गुड" म्हणाला आणि पुसत राहिला. मला तो मान वळवायचा प्रकार माहीत होता. आमच्या तळावर कुणाला काही विचारलं की आधी मुकादम कुठेय ते बघायचे. इथे मुकादमाला गँगमास्टर म्हणतात. २००४ च्या फेब्रुवारीत मोरकँबच्या खाडीत रात्री शिंपल्या वेचायला लावलेले वीसहून जास्त चिनी मजूर भरतीत बुडून मेले, तेव्हा कुठे गँगमास्टरला लायसन्स लागेल असा कायदा झाला, आणि मग २०१५ चा आधुनिक गुलामगिरीचा कायदा. हायवेवरच्या टॉयलेटमधे पोस्टर असतात, तुमचा पासपोर्ट कुणी काढून घेतलाय का, पगारातून कर्ज कापतात का, खाली हेल्पलाइनचा नंबर. जगभरात पाच कोटी माणसं आधुनिक गुलामगिरीत आहेत असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२२ चा अंदाज आहे, पण मला पाच कोटी दिसत नाहीत, तो एक मान वळवणारा दिसतो. मी नंबर सेव्ह केला. फोन केला नाही. आधी वाटलं माझा गैरसमज असेल, मग वाटलं पोलिसांनी त्यालाच देशाबाहेर काढलं तर. ही कारणं खरी आहेत का सोयीची आहेत ते मला खरंच ठरवता येत नाहीये. मार्चमधे गेलो तेव्हा पंपाला पत्रा लावलेला. आता मशीनमधे धुतो, नऊ पौंड.

मागच्या आठवड्यात आईला व्हिडिओ कॉल केला होता. तिकडे दुपार, ती ओट्याशी, फोन डब्याला टेकवून ठेवलेला, त्यामुळे मला अर्धी आई आणि अर्धी मिक्सरची वायर दिसत होती. मी विचारलं, आई, मी चौथी-पाचवीत होतो तेव्हा तळावर एक पोरगी यायची, पाटोद्याकडची, भाऊ कडेवर घेऊन, माझ्याशी सागरगोटे खेळायची, तुला आठवते का. मला तिचा चेहरा आठवतो, डाव्या भुवईवर पाचटाने कापल्याची खूण आठवते, ती माझ्यापेक्षा फास्ट मोळ्या मोजायची ते आठवतं. मी नववीत असताना ती गळ्यात मंगळसूत्र घालून कोयता घेऊन गाडीमागे चालत होती आणि मी सायकल दुसऱ्या बाजूने काढली, ते तर फारच आठवतं. नाव आठवत नाही. आईने कुकरचं झाकण लावता लावता नाव सांगितलं. गाव सांगितलं. आईचं नाव, भावाचं नाव, तो भाऊ तिसऱ्या हंगामात तापाने गेला तेही सांगितलं, बाबांनी त्या दिवशीचा त्यांचा खाडा धरू दिला नाही तेही. मी ते सगळं हाताशी असलेल्या पाकिटावर लिहून घेतलं. इथे देत नाही.

मग मी विचारलं, आणि आई, तो खिडकीतला कप. कान तुटलेला, स्टीलच्या जाळीबाहेर ठेवलेला असायचा. तिची आई पाणी भरायला आली की तू तिला चहा द्यायचीस ना, त्याच्यात.

"चहा द्यायचेच की मी," आई म्हणाली. "दोन चमचे साखर घालून द्यायचे. थंडीत यायची बिचारी."

तेच म्हणतोय, पण तो कप.

"कुठला कप?"

मी म्हटलं वेगळा होता तो, खिडकीत असायचा.

आई स्क्रीनच्या बाहेर गेली. नळाचा आवाज आला. "असलं काही नव्हतं हां आपल्याकडे," तिकडून म्हणाली, "तुझं काहीतरीच." मी पण मग पुढे बोललो नाही. मागे लांबून कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटल्याचा, फोनमधून बारीक ऐकू आला, आणि कुकरची पहिली शिट्टी झाली.